सही न केलेला कागद

साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्ट गावात प्रिन्स स्ट्रीटवर एक मोठं पांढरं घर आहे. उंच खांब, रुंद ओसरी, आजूबाजूला जुनाट ओक आणि त्यांच्या फांद्यांवरून जटांसारखं लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस. घर खासगी मालकीचं आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. मी फुटपाथवरूनच मान लांब करून मागचं परसू दिसतंय का ते पाहत होते. लेक म्हणाली, "आई, घर इथे पुढे आहे. मागे काय शोधतेयस?"

मी मागचंच बघायला आले होते. ५ एप्रिल १८३९ रोजी या घराच्या परसातल्या खोपटात लिडिया नावाच्या गुलाम बाईला मुलगा झाला. पुढच्या घरात मालक मॅकी कुटुंब. मुलाचा बाप कोण, याची नोंद कुणी केली नाही. मालकाच्या घराण्यातलाच कुणीतरी असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मुलाचं नाव रॉबर्ट. पुढे तो रॉबर्ट स्मॉल्स झाला: राज्याचा आमदार, राज्याचा सिनेटर, पाच वेळा वॉशिंग्टनच्या काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेलेला माणूस. राज्याची घटना लिहायला दोनदा बसलेला माणूस, असंही म्हणायला हवं. मी त्यासाठीच गेले होते.

मला या माणसापर्यंत जोतीरावांनी नेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवताना दर नोव्हेंबरात आणि एप्रिलात मी फुल्यांवर बोललेय. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका मुलांना दरवर्षी सांगायचे. १८७३ साली पुण्यातला एक माणूस आपलं पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण करतो, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केलं. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा तो व्यक्त करतो. सांगताना दरवेळी अंगावर काटा यायचा. पण निवृत्तीनंतर एकदा मनात आलं, की त्या १८७३ साली ते सुटलेले लोक काय करत होते? आपण मुक्त करणाऱ्यांचं नाव घेतो. सुटलेल्यांचं काय झालं, हे आपल्याला कुणी विचारलं नाही आणि आपणही कुणाला विचारलं नाही.

त्याचं उत्तर मला साउथ कॅरोलायनात मिळालं. पुण्यात 'गुलामगिरी' छापली गेली त्या वर्षी तिथली राजधानी कोलंबियाच्या विधानभवनात राज्याच्या सिनेटमध्ये रॉबर्ट स्मॉल्स बसत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्याच्या विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला, हेन्री हेन. तो राज्य सरकारात मंत्रीपदाच्या तोडीच्या हुद्द्यावर होता आणि तरीही वैद्यकीच्या वर्गात नाव घालायला गेला. काही गोऱ्या प्राध्यापकांनी त्यावर राजीनामे दिले. जोतीरावांना हे कळलं असतं तर त्यांना किती आनंद झाला असता, असं मला वाटून गेलं.

आधी बोटीची गोष्ट सांगायला हवी. स्मॉल्स म्हटलं की सगळे तीच सांगतात, आणि आहेच ती तशी.

रॉबर्ट बारा वर्षांचा झाल्यावर मालकानं त्याला चार्ल्सटनला कामाला धाडलं. मजुरी मालकाची, हातावर टेकवायचा एक डॉलर त्याचा. हॉटेलात वाढपी, रस्त्यावरचे दिवे लावणारा, गोदीतला हमाल, शिडं शिवणारा आणि शेवटी बोटीचा सुकाणी. हॉटेलात काम करणाऱ्या हॅना या गुलाम मुलीशी लग्न झालं. मुलगी झाली. बायको आणि मुलगी विकत घ्यायची तर मालकानं ८०० डॉलर मागितले. याच्याजवळ जमले १००. ही बेरीज-वजाबाकी त्यानं किती वेळा केली असेल! पैसे पुरे होईपर्यंत त्या दोघींना दुसऱ्या कुणाला विकलं तर काय, ही धास्ती घेऊन हा माणूस रोज कामावर जात होता.

गुलामगिरी टिकवायला दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली आणि उत्तरेशी यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा तो 'प्लँटर' या दक्षिणेच्या लष्करी बोटीवर होता. १३ मे १८६२च्या पहाटे गोरे अधिकारी नियम मोडून घरी झोपायला गेले होते. रॉबर्टनं बोट सोडली. वाटेत एका धक्क्यावर हॅना, मुलं आणि इतरांची बायकामाणसं चढली. त्यानं कप्तानाची गवती हॅट घातली, कप्तानासारखा हाताची घडी घालून सुकाणूच्या खोलीत उभा राहिला आणि एकेक किल्ला ओलांडताना ठरलेल्या शिट्ट्या देत गेला. फोर्ट समटरखालून बोट गेली तेव्हा उजाडायला लागलं होतं. तोफांच्या माऱ्यापलीकडे गेल्यावर बंडखोरांचा झेंडा उतरवला आणि पांढरी चादर चढवली. उत्तरेच्या आरमारी जहाजाला चादर दिसली नसती तर त्यांनीच बोट बुडवली असती. बोटीवर सोळा माणसं होती, आणि तोफा, आणि दक्षिणेच्या आरमाराची सांकेतिक खुणांची वही.

त्या वहीपाशी मी थांबले. ती वही रॉबर्टनं उत्तरेच्या हाती दिली. तिच्यातले संकेत त्याला तोंडपाठ होते. कुठल्या किल्ल्याला किती लांब शिट्टी, किती आखूड, बंदराच्या तळाशी वाळू कुठे आणि खडक कुठे, सगळं डोक्यात. आणि वाचता येत नव्हतं. तेवीस वर्षांचा बाप्या, बंदराचा नकाशा डोळे मिटून सांगेल, पण वहीवरचं नाव वाचता येणार नाही. याचं कारण गरिबी किंवा हलगर्जी नव्हतं, कायदा होता. १८३४च्या कायद्यानं साउथ कॅरोलायनात गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. शिकवणारा गोरा असेल तर १०० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. स्वतंत्र पण काळ्या वर्णाचा असेल तर दंडावर पन्नासपर्यंत फटके.

मी शिक्षिका आहे. त्या कायद्याचं कलम वाचताना मला खडूचा वास येत होता. आपण ज्या कामाचा पगार घेतला, त्याच कामाला एका गावात फटके होते.

नव्वदच्या आसपास साक्षरतेची मोहीम निघाली तेव्हा मी संध्याकाळचा वर्ग घ्यायचे. देवळाच्या ओसरीवर कंदिलाशी बायका यायच्या. एक आजी होत्या. पेन्सिल खुरप्यासारखी धरायच्या, मुठीत, आणि पाटीवर एवढा जोर द्यायच्या की टोक तुटायचं. मी बोटं सरळ करून द्यायची, त्या पुन्हा मूठ आवळायच्या. दोन महिन्यांनी स्वतःचं नाव आलं. त्यातल्या 'ठ'चा गोल त्या इतका सावकाश काढायच्या, जणू भाकरी थापतायत. नाव पुरं झालं की आजी पाटी लांब धरून बघायच्या आणि पदरानं न पुसता तशीच घरी न्यायच्या. स्मॉल्स फिलाडेल्फियात शिकले हे वाचलं तेव्हा मला त्या आजींची मूठ दिसली. १८६४मध्ये 'प्लँटर' दुरुस्तीसाठी तिकडे गेली होती. काम महिनोन्महिने रेंगाळलं, तेवढ्यात त्यांनी शिकवणी लावून वाचन-लेखन पक्कं केलं. सुकाणूवर घट्ट झालेली बोटं होती ती. टोकं त्यांनीही तोडली असतील.

याच फिलाडेल्फियात घोड्यांच्या ट्रामगाडीतून त्यांना उठवलं गेलं. तोवर त्यांच्या शौर्याच्या बातम्या देशभर छापून आल्या होत्या, राष्ट्राध्यक्ष लिंकनना ते भेटून आले होते. पण काळ्या माणसाला गाडीत बसायची परवानगी नव्हती. ते उतरले आणि पावसात चालत गोदीवर गेले, असं सांगतात. पुढे त्या शहरातल्या गाड्या सर्वांना खुल्या करण्याच्या चळवळीत हा प्रसंग वारंवार सांगितला गेला आणि १८६७मध्ये पेनसिल्व्हेनियानं तसा कायदा केला.

आतापर्यंत मी मधूनमधून 'तो' म्हणत आलेय आणि मधूनमधून 'ते'. मराठीत ही अडचण येतेच. मालकाचा पोऱ्या, बोटीवरचा गडी, तोवर हात आपोआप 'तो' लिहितो. मॅकीच्या घरात तर त्यांना कधीच कुणी 'मिस्टर' म्हटलं नसणार. इथून पुढे मात्र 'ते'च.

१८६८च्या जानेवारीत चार्ल्सटनमध्ये राज्याची नवी घटना लिहायला १२४ प्रतिनिधी जमले. त्यातले ७०हून अधिक कृष्णवर्णीय, आणि त्यांच्यातले बरेच तीन वर्षांपूर्वीपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे. स्मॉल्स ब्यूफर्टहून आले होते, वय २८. त्यांनी मांडलेल्या ठरावाचा विषय होता शाळा. राज्यात सार्वजनिक शाळांची व्यवस्था व्हावी, ती सर्व थरांतल्या लोकांना विनाशुल्क खुली असावी, ७ ते १४ वर्षांच्या मुलांना वर्षातून निदान सहा महिने शाळेत घालणं आईबापांवर बंधनकारक असावं आणि न घातल्यास दंड व्हावा, असं त्यात होतं.

मी हा ठराव तीनदा वाचला. चार वर्षांपूर्वी अक्षर गिरवायला लागलेला माणूस घटना समितीत उभा राहतो आणि जमिनीच्या, कर्जाच्या, मताच्या सगळ्या धुमाळीत म्हणतो की पोरांना शाळेत घाला, नाही घातलं तर दंड करा. त्यांच्या जागी दुसरा कुणी आधी स्वतःची जमीन सोडवून घेता. नव्या घटनेत मोफत सार्वजनिक शाळा आल्या, वर्ण न पाहता सगळ्या मुलांना खुल्या असतील असंही आलं, सक्तीचं कलमही आलं. सक्ती कागदावरच राहिली. पण शाळा मात्र उभ्या राहायला लागल्या. गोऱ्या गरिबांच्या पोरांसाठीही, हे विसरता येत नाही, कारण त्याआधी त्यांच्यासाठीही राज्यानं नीट सोय केलेली नव्हती. यानंतर चौदा वर्षांनी, १८८२मध्ये, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं आणि निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं. एकमेकांना न भेटलेली, एकमेकांचं नावही न ऐकलेली दोन माणसं एकाच मागणीपाशी आली होती.

घराची गोष्ट राहिलीच. युद्धात ब्यूफर्ट उत्तरेच्या हाती पडलं, गोरे मळेवाले पळाले, त्यांनी कर भरला नाही म्हणून घरं लिलावात निघाली. स्मॉल्सनी बक्षिसाच्या पैशातून, बोटीबद्दल त्यांना १,५०० डॉलर मिळाले होते, प्रिन्स स्ट्रीटवरचं हेच घर घेतलं. जुन्या मालकानं ते मधल्या काळात दुसऱ्याला विकलेलं होतं. त्या विकत घेणाऱ्याच्या बाजूनं दावा लागला, तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि स्मॉल्स जिंकले. मॅकीची म्हातारी बायको भ्रमिष्ट होऊन एक दिवस दारात आली, घर आपलंच आहे अशा समजुतीत, आणि स्मॉल्सनी तिला तिच्या जुन्या खोलीत ठेवून घेतलं, अशी हकिकत त्यांच्या घराण्यात सांगतात. मी तिला पुरावा म्हणून पुढे करत नाही. पण त्या ओसरीकडे बघताना ती आठवल्यावाचून राहत नाही.

दोन वर्षं विधानसभेत, चार वर्षं राज्याच्या सिनेटमध्ये, मग १८७५पासून काँग्रेस. ब्यूफर्टच्या बेटांवरच्या लोकांची गुल्ला बोली स्मॉल्सना आईच्या दुधाबरोबर मिळालेली. सभेत ते त्याच बोलीत बोलायचे आणि लोक मैलोन्‌मैल चालत ऐकायला यायचे.

१८७६ साल आलं आणि सगळं फिरलं. लाल सदरे घातलेल्या सशस्त्र गोऱ्यांच्या टोळ्या सभा उधळायला लागल्या. जुलैत हॅम्बर्ग गावात काळ्या मिलिशियातल्या माणसांना पकडून ठार केलं. निवडणुकीनंतर राज्य जुन्या मंडळींच्या हाती गेलं आणि १८७७मध्ये विद्यापीठही बंद केलं गेलं. स्मॉल्सवर खटला भरला तो सिनेटच्या छपाई समितीचे अध्यक्ष असताना ५,००० डॉलरची लाच घेतल्याचा. छपाईच्या कंत्राटांत त्या काळी बरबटलेले हात पुष्कळ होते, हे खरं. पण त्यांच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार सरकारी छपाईवालाच होता, आणि त्याला साक्षीच्या बदल्यात अभय मिळालं होतं. तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. अपील चालू असतानाच गव्हर्नरनं माफी दिली, आणि त्याच सौद्यात गोऱ्या पुढाऱ्यांवरचे निवडणूक-गैरव्यवहाराचे खटले केंद्रानं सोडून दिले. न्याय करायचा असता तर त्यांनी एवढ्या लवकर देवाणघेवाण केली नसती, असं माझं मत आहे.

बंदुकीनं सगळी मतं थांबत नाहीत. म्हणून १८८२ मध्ये आठ पेट्यांचा कायदा आला. यावर मला जरा सविस्तर लिहायचंय.

मतदान केंद्रात एका पेटीऐवजी आठ पेट्या. गव्हर्नरची वेगळी, सिनेटरची वेगळी, काउंटीच्या अधिकाऱ्यांची वेगळी, काँग्रेसची वेगळी. प्रत्येक पेटीवर नाव लिहिलेलं. चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की मत बाद. अक्षर येत नसलेल्या माणसानं काय करायचं? शेजाऱ्यानं त्याला पढवायचं, की डावीकडून तिसऱ्या पेटीत ही टाक, पाचवीत ती टाक. मग केंद्रावरच्या अधिकाऱ्यानं मधेच पेट्यांच्या जागा बदलायच्या. मनाई कुणालाच नाही, फटके नाहीत, कायद्यात वर्णाचा उल्लेख नाही. माणूस आत जातो, मत देतो, घरी येऊन बायकोला सांगतो की दिलं, आणि ते मोजलं जात नाही.

मी निवडणुकीच्या ड्यूट्या पुष्कळ केल्या. म्हाताऱ्या बायका आत यायच्या, बोटाला शाई लावून घ्यायच्या आणि चिन्हावर बोट ठेवायच्या. कधी थकून आलेले असायचे, कधी जेवणाचा डबा आलेला नसायचा, पण त्या चिन्हाकडे मी कधी विशेष पाहिलं नव्हतं. चिन्ह असायचंच. आठ पेट्यांचं वाचल्यानंतर रात्री झोप लागेना. अक्षर न येणाऱ्याला आत घ्यायचंय की गाळायचंय, हे आधी कुणीतरी ठरवतं आणि मग पेटीवर काय चिकटवायचं ते ठरतं.

ज्या राज्यानं १८३४ मध्ये शिकवणाऱ्याला फटके ठेवले, त्यानं अठ्ठेचाळीस वर्षांनी न शिकलेल्याला मत नाकारलं. मधल्या काळात कुणीतरी शाळेचा ठराव मांडला होता.

१८९५च्या सप्टेंबरात कोलंबियाला पुन्हा घटना समिती बसली. १६० प्रतिनिधींत आता कृष्णवर्णीय फक्त सहा, त्यातले पाच ब्यूफर्टचे. स्मॉल्स ५६ वर्षांचे. आपली पहिली बायको हॅना त्यांनी बारा वर्षांपूर्वी गमावली होती आणि दुसरी बायको ॲनी, शाळामास्तरीण, तीही १८९५मध्येच गेली. समितीचा खरा धनी होता बेंजामिन टिलमन. काळ्यांचं मत कायमचं काढून घ्यायला आपण बसलोय, हे तो लपवत नव्हता. नवं कलम असं होतं: मतदाराला घटनेचा कुठलाही भाग वाचता आला पाहिजे, किंवा वाचून दाखवलेला समजावून सांगता आला पाहिजे. समजलं की नाही, हे नोंदणी अधिकारी ठरवणार. पुढे लिहा-वाचायची अट, नाहीतर ३०० डॉलरच्या मालमत्तेवर भरलेला कर. शाळांबद्दलचं कलमही बदललं. एका वर्णाच्या मुलानं दुसऱ्या वर्णाच्या शाळेत कधीही पाऊल ठेवायचं नाही.

टिलमननं त्यांच्यावर जुन्या लाचेच्या खटल्याची चिखलफेक केली. स्मॉल्स उठले. माझ्या लोकांना खास वकिली नको, या देशातला त्यांचा आजवरचा इतिहासच सांगतो की ते कुणाही लोकांच्या बरोबरीचे आहेत. जगण्याच्या लढाईत त्यांना फक्त समान संधी हवी, असं ते म्हणाले. वर्णसंकराच्या विवाहबंदीचं कलम आलं तेव्हा त्यांनी एक दुरुस्ती मांडली, की जो गोरा काळ्या बाईशी संबंध ठेवतो तोही सार्वजनिक पदाला अपात्र ठरावा आणि त्या मुलाला बापाचं नाव मिळावं. लिडियाचा मुलगा बोलत होता. सभागृहात बसलेल्यांना ते कळलं असणारच.

दुरुस्ती पडली. कलमं मंजूर झाली. ती घटना पुढे अनेकदा दुरुस्त झाली, पण साउथ कॅरोलायनाची घटना म्हणून आजही तीच आहे.

आम्ही प्रिन्स स्ट्रीटवरून चालत टॅबरनॅकल बाप्टिस्ट चर्चच्या आवारात गेलो. तिथे त्यांची समाधी आहे. २३ फेब्रुवारी १९१५ला ते गेले, त्याच पांढऱ्या घरात. ब्रॉन्झचा अर्धपुतळा, जाड मिशा आणि दाढी, आणि खाली तेच समान संधीचं वाक्य कोरलेलं. लेकीनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझं इंग्रजी बेताचं, पण तेवढं मलाही आलं असतं. मी तिला थांबवलं नाही.

ओहोटी होती. दलदलीच्या चिखलाचा आणि शिंपल्यांचा वास येत होता. लेकीनं विचारलं, "मग त्या दुसऱ्या घटनेवर यांनी सही केली का?"

१८६२ मध्ये ज्यांना नाव लिहिता येत नव्हतं, त्यांनी १८६८च्या घटनेखाली आपलं नाव लिहिलं होतं. १८९५च्या डिसेंबरात प्रतिनिधी एकेक करून पुढे गेले आणि सह्या केल्या. स्मॉल्सनी सही करायला नकार दिला.

"नाही केली," मी म्हटलं.